संप आणि खाणावळीची उधारी

गिरणी संपांचा इतिहास आपण नेते, मोर्चे आणि वाटाघाटी यांतून सांगतो. पण संपकऱ्याला जेवू कोण घालत होतं? डिलाईल रोडच्या चाळींत कोकणातून, घाटावरून आलेले गिरणीकामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत, पाळीप्रमाणे झोपत नि खाणावळीत जेवत. खाणावळ म्हणजे बहुधा एखाद्या बाईचं घरच. पैसे पगाराच्या दिवशी मिळायचे, किराणा मात्र आधी भरावा लागे. संपात पगार थांबायचा, पण चूल पेटती ठेवावी लागे. सावकाराचं व्याज बाईच्याच माथी. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. संपाचा हिशेब मांडताना आपण ही उधारीही धरायला हवी.