दुनहुआंगची ग्रंथगुहा आणि मराठी वर्गखोली

आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत आशिया खंड पूर्वीपासून आहे. पण बहुधा तो नकाशाच्या रूपाने आहे. रेशीम मार्ग म्हणजे तांबड्या शाईने ओढलेली एक रेघ, चीन म्हणजे लांबलचक भिंत, जपान म्हणजे भूकंप आणि मध्य आशिया म्हणजे जिकडून स्वाऱ्या आल्या तो प्रदेश, एवढ्या सामग्रीवर विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या उत्तीर्ण झाल्या. हा दोष शिक्षकांचा नव्हे. ज्या वस्तूंच्या आधारे तो इतिहास लिहिला गेला, त्या शिक्षकांनाही पाहावयास मिळत नव्हत्या. गेल्या तीस वर्षांत ही स्थिती पालटली आहे. शाळेच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने हा पालट कसा घडला आणि त्यामुळे शाळेवर कोणते नवे काम येऊन पडले, याचा विचार करणे उचित ठरेल.

आशियाच्या संस्कृतीची ओळख करून घेण्यासाठी एकेकाळी काय करावे लागे, याचे उदाहरण मराठीतच आहे. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांना बुद्धचरित्राची पहिली ओढ लागली ती ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मराठी मासिकातील एका लेखाने. त्या ओढीपायी ते १८९९ मध्ये घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असा प्रवास करीत, वाटेत उपासमार सोसत ते श्रीलंकेस पोहोचले आणि तेथे पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. ज्या पाली त्रिपिटकासाठी त्यांनी ही पायपीट केली, ते आज इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीसह अनेक लिप्यांत संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहे. अंतर नाहीसे झाले. पण एका लहानशा मराठी लेखाने वाचकाच्या मनात जे कुतूहल जागविले, ते काम मात्र साधन आपण होऊन करीत नाही.

अशा साधनांपैकी शालेय वर्गास सर्वांत उपयुक्त वाटणाऱ्या एकाचा इतिहास येथे थोडा विस्ताराने सांगतो. चीनच्या गान्सू प्रांतात, वाळवंटाच्या कडेला, दुनहुआंग नावाचे गाव आहे. भारत, इराण, तिबेट आणि चीन यांना जोडणाऱ्या वाटा तेथे एकत्र येत. गावाजवळच्या मोगाओ येथील कड्यात इसवी सन ३६६ मध्ये एका भिक्षूने पहिली गुहा खोदविली, असे परंपरा सांगते. पुढे सुमारे हजार वर्षे तेथे लेणी होत राहिली. आज चित्रे आणि मूर्ती असलेल्या ४९२ गुहा तेथे मोजल्या जातात. यांपैकी एक लहानशी गुहा अकराव्या शतकाच्या आरंभी, आत हजारो हस्तलिखिते ठेवून, भिंत घालून बंद करण्यात आली. लेण्यांची देखभाल करणारा वांग युआनलू हा ताओपंथी साधू १९०० मध्ये योगायोगाने त्या भिंतीपर्यंत पोहोचला. चिनी, तिबेटी, संस्कृत, खोतानी, सोग्दी, उइघुर अशा अनेक भाषांतील लेखन जवळजवळ नऊशे वर्षांनी बाहेर आले.

आणि लगेच विखुरले. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन तेथे पोहोचले. लाहोरच्या ओरिएंटल कॉलेजचे ते पूर्वी प्राचार्य होते आणि कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चे संपादक म्हणून भारतीय विद्वानांना परिचित होते. आपण युआन श्वांगचे भक्त आहोत, असे सांगून त्यांनी वांगचा विश्वास संपादन केला आणि अवघ्या १३० पौंडांच्या मोबदल्यात हस्तलिखितांच्या २४ पेट्या व अनेक चित्रे नेली. पुढल्या वर्षी फ्रान्सचे पॉल पेलिओ आले, नंतर जपानी आणि रशियन मोहिमा आल्या. परिणामी एकाच गुहेतील कागद लंडन, पॅरिस, सेंट पीटर्सबर्ग, क्योटो आणि बीजिंग येथे वाटले गेले. स्टाइन यांच्या त्या मोहिमेचा पाचापैकी तीन हिस्से खर्च भारत सरकारने, म्हणजे भारतीय करदात्याने, सोसला होता. म्हणून दुनहुआंगची रेशमी चित्रे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातही आली.

हे विखुरलेले भांडार पुन्हा एका ठिकाणी आणणे प्रत्यक्षात शक्य नव्हते. म्हणून १९९४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीत केंद्र ठेवून आंतरराष्ट्रीय दुनहुआंग प्रकल्प सुरू झाला आणि १९९८ मध्ये त्याचे संकेतस्थळ खुले झाले. निरनिराळ्या देशांतील ग्रंथालये आपापल्या हस्तलिखितांची छायाचित्रे तेथे देऊ लागली. इकडे खुद्द मोगाओत, प्रेक्षकांच्या श्वासातील आर्द्रतेनेही भित्तिचित्रांची हानी होते हे ओळखून, फान जिनशी या विदुषींच्या पुढाकाराने गुहांचे संगणकीय चित्रण करण्यात आले. २०१६ मध्ये ३० गुहा जगभरच्या लोकांसाठी संकेतस्थळावर खुल्या झाल्या.

वर्गात या सामग्रीचे काय करता येते? शिबी राजाची कथा आपल्या मुलांना ठाऊक असते. ती अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात चितारलेली आहे आणि मोगाओच्या २५४ क्रमांकाच्या गुहेतही आहे. दोन्ही चित्रे पडद्यावर शेजारी शेजारी ठेवली, की काय बदलले आणि काय टिकले, हे मुलेच सांगू लागतात. वेश बदलला, चेहरे बदलले. पण कबुतर आणि तराजू राहिले. ग्रंथगुहेत मिळालेल्या एका पटावर १३०० हून अधिक तारे दाखविले आहेत. सातव्या शतकातील चिनी ज्योतिर्विदांचा हा तारकापट मानला जातो. आकाशाची त्यांची विभागणी आपल्यापेक्षा वेगळी असली, तरी त्यात सप्तर्षी शोधून काढण्यास मुलाला चिनी यावे लागत नाही. शिवाय शिकाऊ मुलांनी अक्षरे गिरविलेले आणि शेवटी आपले नाव लिहिलेले कागदही आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या मुलाचे वळणदार नसलेले अक्षर पाहिले, की आपल्या मुलांना त्याच्याशी ओळख सांगावीशी वाटते.

याहून अधिक बोलके साधन म्हणजे सोग्दी भाषेतील पत्रे. ती गुहेतील नव्हेत. दुनहुआंगच्या पश्चिमेला असलेल्या एका टेहळणी बुरुजाच्या अवशेषांत स्टाइन यांना ती सापडली. समरकंदकडून आलेल्या व्यापारी कुटुंबांनी ती चौथ्या शतकाच्या आरंभी लिहिली. मीवनाय नावाची स्त्री आपल्या लहान मुलीसह परक्या गावी अडकली आहे. पती परत येत नाही, हाती पैसा नाही, नातलग मदत करीत नाहीत. ती आईला एक पत्र लिहिते आणि पतीला दुसरे, अत्यंत कडवट शब्दांत. ही पत्रे मुक्कामी पोहोचलीच नाहीत. रेशीम मार्ग ही नकाशावरची रेघ नसून त्या रेघेवर माणसे राहत होती, हे समजण्यास याहून चांगला पाठ क्वचितच मिळेल.

तथापि, पडद्यावर जे दिसते तेच संपूर्ण सत्य, असे मुलांनी मानू नये. प्रत्येक चित्रापाशी चार प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लावली पाहिजे: ही वस्तू मुळात कोठे होती? तेथून ती कोणी व कोणत्या अधिकाराने हलविली? तिचे वर्णन कोणी लिहिले? आणि जे येथे दाखविलेले नाही, ते काय? स्टाइन यांनी ग्रंथ वाचविले की लुटले, या प्रश्नाचे उत्तर लंडनमध्ये आणि बीजिंगमध्ये सारखे मिळत नाही. मुलांनी दोन्ही बाजू ऐकून आपले मत बनवावे.

नक्कल अमर असते, हाही भ्रम नको. अजिंठ्याच्या चित्रांच्या रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली पुन्हा केलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ च्या आगीत गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हा तिची अनेक डिजिटल हस्तलिखिते कित्येक महिने दिसेनाशी झाली होती.

राहता राहिला भाषेचा प्रश्न, आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेस तो सर्वांत जवळचा आहे. या संकेतस्थळांवरील वर्णने मुख्यतः इंग्रजी आणि चिनी भाषांत आहेत. मराठी मूल चित्र पाहू शकते. पण त्याविषयी मराठीत वाचावयाचे म्हटले, तर हाती फारसे लागत नाही. हे काम बाहेरून कोणी करून देणार नाही. शिक्षकाने इंग्रजी वर्णन समजावून सांगावे, मुलांनी ते आपल्या शब्दांत लिहून काढावे, वर्षाला दहा-बारा वस्तूंची अशी टिपणे झाली तरी पुढल्या वर्गाला ती वारशाने मिळतील. मीवनायच्या भाषेची कथा येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. रेशीम मार्गावर शतकानुशतके जी व्यापाराची भाषा होती, ती सोग्दी आज कोणी बोलत नाही. ताजिकिस्तानातील याघ्नोब खोऱ्यात तिच्या कुळातली एक बोली तेवढी उरली आहे. त्या भाषेतील कागद टिकले. पण घरात आणि शाळेत ती बोलली जाईनाशी झाली, तेव्हा कागद तिला वाचवू शकले नाहीत. परगावी राहून आपली भाषा मुलांच्या हाती देणाऱ्या पालकांना याचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको.

दुनहुआंगच्या त्या गुहेतील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ ‘वज्रच्छेदिका’ हा आहे. मूळ संस्कृत, कुमारजीवाने चिनीत आणलेला आणि ११ मे ८६८ या दिवशी छापून पूर्ण झालेला. निश्चित तारीख असलेला हा जगातील सर्वांत जुना उपलब्ध छापील ग्रंथ होय. वज्र म्हणजे हिराही. म्हणून इंग्रजीत तो हिऱ्याच्याच नावाने ओळखला जातो. वांग जिए नावाच्या गृहस्थाने आपल्या आईवडिलांसाठी, सर्वांना विनामूल्य वाटण्याकरिता तो छापविला, अशी नोंद त्याच्या अखेरीस आहे. साडेअकराशे वर्षांनी त्याची छायाचित्रे पुन्हा विनामूल्य वाटली जात आहेत. त्या वाटपातला मराठी मुलांचा वाटा त्यांच्या हाती मराठीत पडेल, एवढे पाहणे हे शाळेचे, तिच्या माजी विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे पुढील वर्षांचे काम आहे.