घारीला तीन कोस

मोबाइल विसरा. तुम्ही शंभर-सव्वाशे वर्षं मागे, चैत्राच्या उन्हात वाईच्या बाजारात उभे आहात. रेल्वेतून वाठार स्टेशनला उतरलात आणि वीसेक मैल धूळ खात इथवर आलात. डोळ्यात इंजिनातल्या कोळशाची कणी अजून खुपतेय. कृष्णा आटलीय, तरी घाटावर धुणी आपटल्याचे आवाज येतात. जवळच कुठेतरी हळद शिजतेय. तिचा उग्र वास घोड्यांच्या घामात मिसळतो.

"बसा मालक, मागं बसा."

टांग्यात मागच्या माणसाचं तोंड उलटीकडे. जायचंय वर, बघायचं खाली! शेजारच्या पारशी बाईंचा डबा तुमच्या मांडीवर, कुणाची तरी वळकटी पायांत. पसरणी मागे पडते आणि चढण लागते. पाचगणी इथून चार कोस. पण त्यातच जवळजवळ दोन हजार फूट चढायचंय. घोडी चालीवर येतात, लोखंडी धावा दगडांवर खडखडतात, दर खड्ड्याला तुमचे दात एकमेकांवर आपटतात.

वर एक घार तरंगतेय. तिला पाचगणी सरळ तीन कोस. तिला ना वळणं, ना चढ.

"उतरा जरा, घोड्यांना दम लागला," टांगेवाला म्हणतो.

भाडं भरून पायी चालायचं, हीच घाटाची रीत. तापल्या दगडांची धग वहाणांतून तळव्यांना भिडते. समोरून मोळ्या घेतलेल्या बायका झपाझप उतरताहेत. तुमची धाप ऐकून त्यातली एक फिस्सकन हसते. बैलगाड्यांची रांग वाट अडवून उभी. तेवढ्यात वरच्या वळणावर टपालाच्या टांग्याचं शिंग वाजतं. गाडीवान शिव्या देत बैल कडेला ओढतात, तुम्ही दरडीला पाठ लावता आणि टपाल तुमच्या तोंडावर धूळ उडवून निघून जातं.

अर्ध्या वाटेवर थांबून खाली बघा. शेतांचे तुकडे, कृष्णेची बारीक रेघ, पलीकडे पांडवगड. सगळं इतकं जवळ की हाक मारली तर वाईत ऐकू जाईल. इतक्या वेळात एवढंच आलो?

दांडेघरपाशी वारा एकदम बदलतो. सदरा पाठीला गार लागतो, घोडी कान टवकारतात. मग चेसनसाहेबाने वसवलेली पाचगणी: सिल्व्हर ओकची झाडं सळसळताहेत, बंगल्यांच्या कुंपणांवरून बोर्डिंगमधल्या पोरांचा गलका येतोय. आलो एकदाचे!

टांगा थांबतो न थांबतो तोच हमालांचा गराडा. एकजण तुमची ट्रंक उचलून वजन अजमावतो.

"बंगला किती लांब?" तुम्ही विचारता.

तो आधी ट्रंककडे बघतो, मग तुमच्याकडे. "लई लांब हाय, मालक."

बंगला समोरच्या वळणावर दिसतोय. पण पोटऱ्या अजून ठणकताहेत, आणि डोक्यावर ट्रंक घेतलेल्या माणसाचा कोस केवढा असतो ते आज तुम्हाला चांगलंच कळलंय. तो मागेल ते तुम्ही देऊन टाकता.