गाडीतला टेप

परवा गाडीतला टेप बदलून घेतला. घरात आम्ही अजून टेपच म्हणतो. त्यात कॅसेट जायची सोय कधीच गेली, शब्द तेवढा राहिला. मुलगी 'म्युझिक सिस्टिम' म्हणते आणि आमच्याकडे दयेने बघते.

गाडी २००९ ची. टेप कंपनीचाच, गाडीबरोबर आलेला. सीडी आत घेऊन परत द्यायचं त्याने दोन वर्षांपूर्वी बंद केलं, आकडे इतके फिके झाले की दुपारी उन्हात दिसेनात. पण रेडिओ ठणठणीत होता, आणि तोही मीडियम वेव्हसकट. लोणावळ्याहून तळेगावला आत्याकडे जाताना बाबा डाव्या सीटवर बसले की बेल्ट लावायच्या आधी एएमचं बटण दाबायचे. म्हणून नवा घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मीडियम वेव्ह आहे ना त्यात?" मी म्हटलं, "हो, असणारच." न बघताच म्हटलं. त्यावर पुढे येतो.

आमच्या पहिल्या गाडीला टेपच नव्हता. बाबांनी १९८६ साली जुनी फियाट घेतली, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी. डॅशबोर्डवर रेडिओच्या जागी नुसती झाकणपट्टी होती. म्हणजे कारखान्याने जागा दिली होती, आवाज तुमचा तुम्ही आणायचा. मला लहानपणी ती पट्टी म्हणजे काहीतरी हरवल्याची खूण वाटायची. आता कळतं की ते उलट होतं. ती येणाऱ्या पाहुण्यासाठी ठेवलेली खुर्ची होती.

गंमत म्हणजे जगातसुद्धा हे असंच सुरू झालं. अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या छोट्या कंपनीने १९३० साली गाडीत बसवायचा रेडिओ विकायला काढला आणि त्याला मोटोरोला नाव दिलं. पुढे कंपनीच त्या नावाने ओळखली जाऊ लागली. गॅल्विन स्वतःच्या गाडीत रेडिओ बसवून अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांच्या अधिवेशनाला गेले आणि बाहेर गाडी लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत बसले. युरोपात ब्लाउपुंक्टचा पहिला संच १९३२ चा. म्हणजे गाडीचा रेडिओ ही मुळातच बाहेरून बसवायची वस्तू! आणि बसवणं म्हणजे दिव्य. व्हॉल्व्हना दोनशेच्या आसपास व्होल्ट लागायचे आणि गाडीची बॅटरी सहा व्होल्टची. मग एक पत्ती थरथरवून बॅटरीचा प्रवाह सारखा तोडायचा-जोडायचा आणि ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज वाढवायचं. गाणं लागायच्या आधी त्या पत्तीची गुणगुण ऐकू यायची. ट्रान्झिस्टर आले आणि हे सगळं अडगळीत गेलं.

आपल्याकडे त्यात परवान्याची भर. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरच्या रेडिओसारखाच गाडीतल्या रेडिओलाही परवाना लागे, पोस्टात जाऊन पैसे भरायचे. आयातीवर जबर जकात, त्यामुळे जपानी डेक मुंबईच्या मनीष मार्केटमधून 'कुणाच्या तरी ओळखीने' यायचे. आमचाही तसाच आला. कुठून ते बाबांनी कधी नीट सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. बसवला मात्र लोणावळ्यातच, जुन्या हायवेवरच्या एका गाळ्यात. तिथल्या वायरमनला सगळे मामा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो.

आता घाटाचं सांगितलं पाहिजे, कारण आमच्याकडे टेप हवा होता तो घाटामुळे. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० चा, माल्कम गव्हर्नर असतानाचा. रेल्वे १८६३ ची. या दोघांनी माणसं वर आणली, पण रेडिओच्या लहरींना घाट कधी धड चढता आला नाही. मुंबईहून निघालं की पनवेलपर्यंत मुंबई केंद्र खणखणीत. खोपोलीला टाटांचं १९१५ चं वीजघर, आमच्याच लोणावळा-वळवणच्या तळ्यांचं पाणी तिथे कोसळतं. त्याच्या उच्च दाबाच्या तारांखालून गाडी गेली की नुसती खरखर. मग घाटाच्या वळणांत आवाज येतो-जातो, आणि खंडाळा ओलांडलं की बाबा एक हात स्टीअरिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने हळूहळू बटण फिरवायचे. पुणे केंद्र, ७९२ किलोहर्ट्झ. ते लागलं की आई म्हणायची, "आलं घर." दारात पोचायला अजून पंधरा मिनिटं असायची.

कॅसेट आली ती या खरखरीवर उपाय म्हणून. फिलिप्सने १९६३ साली काढलेली ती डबी घाटातही गात राहायची. १९९८ ला 'गुलाम' आला तेव्हा तर मुंबईहून वर येणाऱ्या दर दुसऱ्या गाडीत तेच खंडाळ्याचं गाणं. आम्हा खंडाळ्याच्या शेजाऱ्यांना त्याचा अभिमान होता की वैताग, हे अजून ठरलेलं नाही.

पुढे खाजगी एफएम आलं. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की संपल्या. त्यात मुंबई आणि पुणे दोन्हीकडे रेडिओ मिर्ची ९८.३ वरच. त्यामुळे घाटात कधी अशी जागा लागायची की अर्धं वाक्य मुंबईच्या निवेदिकेचं आणि उरलेलं पुण्याच्या निवेदकाचं. मुलीला हे फार आवडायचं. बटणाला हात न लावता गाव बदलायचं!

असो. मामांकडे वळतो. गाडीचे टेप एकमेकांच्या जागी बसू शकत याचं श्रेय एका मापाला आहे. जर्मनांनी ठरवलेलं डिन माप, जे पुढे आयएसओ ७७३६ झालं: दर्शनी भाग १८० मिलिमीटर रुंद, ५० उंच. दुप्पट उंचीचा तो डबल डिन. या एका चौकोनावर जगभरच्या बाजारपेठा उभ्या राहिल्या; आपल्याकडे लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, आणि लोणावळ्यात मामांचा गाळा. वायरींचे रंगही बाहेरच्या बहुतेक संचांना सारखेच. पिवळी थेट बॅटरीवर, म्हणजे लावून ठेवलेली स्टेशनं लक्षात राहतात. लाल चावीवर. काळी अर्थ. मामांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण वायरींचा रंग बघून ते कुठल्याही देशाचा टेप बसवायचे.

एकदाच फसगत झाली, मामांच्या हातून नव्हे. घाई होती म्हणून दुसरीकडे गेलो. जुन्या रेडिओंत स्पीकरची एक तार गाडीच्या बॉडीला जोडली तरी चालायची. नव्या संचांत स्पीकरच्या दोन्ही तारांतून ताकद येते, कुठलीच अर्थ नसते. त्या माणसाने जुन्या सवयीने काळ्या तारा बॉडीला आवळल्या. 'चार गुणिले पन्नास वॉट' छापलेला नवा डेक (खरे वॉट वीसेक असतील फार तर) दोन मिनिटं बोलला आणि वास सोडून गप्प झाला. पाच हजार गेले. मामा ऐकून हसले नाहीत. म्हणाले, "त्याला कुणी सांगितलंच नसेल." हे वाक्य मला पाच हजारांपेक्षा जास्त लक्षात राहिलंय.

२००२ ला एक्सप्रेस वे पूर्ण झाला आणि मुंबई-पुण्याच्या बऱ्याच गाड्या आमचा बाजार टाळून बाहेरून जाऊ लागल्या. सगळ्यांना वाटलं मामांचा गाळा आता बसणार. नाही बसला, पर्यटक होतेच. तो बसत गेला तो कंपन्यांनी टेप स्वतःच द्यायला सुरुवात केल्यावर. तळेगावला २००८ साली जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला तेव्हा आम्हा मावळवाल्यांना कोण आनंद! तिथेच तयार झालेल्या शेवरोले बीटमध्ये टेप डॅशबोर्डमध्ये असा एकजीव करून टाकला होता की १८०-५० चा चौकोन नाहीच. दिसायला सुरेख. मामा तिच्याकडे बघून म्हणाले, "ह्यात माझं काय काम?" तो कारखानाही २०२० च्या अखेरीस थांबला, २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घ्यायचा करार केला. आणि आता तर बऱ्याच नव्या गाड्यांत पडद्यातच एसी, पडद्यातच कॅमेरा, पडद्यातच गाडीच्या सेटिंगा. तो काढायचा म्हणजे गाडीचा मेंदूच काढायचा.

मामा आता नाहीत. गाळ्यात त्यांचा मुलगा असतो, सीट कव्हर आणि रिव्हर्स कॅमेरे करतो. माझी गाडी बघून खूश झाला. "डबल डिन! हल्ली कुणी आणतच नाही," म्हणाला. तासाभरात काम झालं. कंपनीची वायर न कापता मध्ये कपलर टाकला, चौकट बसवली, जुना टेप पिशवीत घालून दिला. नवा पडदा चकचकीत, फोन जोडला जातो, नकाशा दिसतो.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन निघालो. त्यांनी बेल्टच्या आधी हात पुढे केला आणि पडद्यावर बोट फिरवत राहिले. रेडिओच्या चित्रावर दाबलं. एफएम होतं. पुन्हा दाबलं. एफएमच. त्या संचात मीडियम वेव्ह नव्हतीच मुळी, खोक्यावर तसं स्पष्ट छापलेलं होतं. वाकसईपर्यंत कुणी काही बोललं नाही. कार्ल्याच्या फाट्याला मी म्हटलं, "बाबा, मी बघितलं नव्हतं."

"माहितीये," म्हणाले. "तू 'असणारच' म्हणालास तेव्हाच कळलं." मग खिडकीची काच खाली करून बाहेर बघत बसले. कामशेत येईपर्यंत फोनवरून गाणी लावायचा माझा प्रयत्न त्यांनी दोनदा हाताने थांबवला.

मुलाला फोन करून विचारलं, जुना परत बसवता येईल का. येईल म्हणाला, वायर कापलेलीच नाही. पण बाबांना तेही नको होतं. नकाशा बरा आहे म्हणतात, तुला रस्ते कळत नाहीत. त्यांना टेप घरी हवाय, त्यांच्या खोलीत.

तर येत्या रविवारी तो पिशवीतून काढणार आहे. बारा व्होल्टचा अडॅप्टर आणलाय. कंपनीच्या प्लगवर रंग वेगळे आहेत, मुलाने कागदावर लिहून दिलेत. मी त्यावर आपले पिवळी, लाल, काळी लिहून ठेवलं. पिवळी आणि लाल एकत्र, काळी वजाला. स्पीकरच्या दोन्ही तारा स्पीकरलाच, बॉडीला नाही. अँटेनाचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. बाबांनी बाल्कनीकडे बोट दाखवलं. कपडे वाळत घालायची तार आहे तिथे, चांगली बारा फुटांची. आईला अजून विचारलेलं नाही.