दिवाणखान्यातील अ‍ॅस्पिडिस्ट्रा: धूर, गॅसबत्ती आणि एका चिवट झाडाचा इतिहास

फारशी निगा न मागणाऱ्या घरगुती झाडांची जी ठरावीक यादी आज नवशिक्यांना सांगितली जाते, तिच्यामागील विचाराचे मूळ एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये, त्यातही लंडनच्या धुरकट वस्त्यांत सापडते. महाराष्ट्रातील जुन्या घरांत झाडाची जागा अंगणात, परसात किंवा तुळशीवृंदावनात असे आणि ऊनपाऊस त्याला सहज मिळत असे. इंग्लंडच्या मध्यमवर्गाने मात्र झाड थेट दिवाणखान्यात आणले, आणि त्या दिवाणखान्यातील हवा व अंधार यांना तोंड देताना बहुतेक झाडे मेली. जी उरली, तीच पुढे ‘सोपी झाडे’ ठरली. ही निवड माणसाच्या आवडीने जेवढी केली, त्याहून अधिक ती घराच्या बांधणीने आणि घरात जळणाऱ्या इंधनाने केली, हे या इतिहासाचे सर्वांत महत्त्वाचे सूत्र आहे.

लंडनच्या गोदीजवळील वेलक्लोझ चौकात राहणारे डॉक्टर नॅथॅनिअल बॅगशॉ वॉर्ड (१७९१–१८६८) यांना नेच्यांची, म्हणजे फुले न येता बीजाणूंपासून वाढणाऱ्या वनस्पतींची, विलक्षण आवड होती. परंतु आसपासच्या कोळशाच्या धुरामुळे त्यांच्या बागेतील नेचे टिकत नसत. १८२९ मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीत पुरून तो झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवला, आणि पतंगाची वाट पाहत असताना त्या मातीतून एक नेचा व एक गवत उगवून आले. दिवसा मातीतील ओलावा वाफ होऊन काचेवर जमे आणि तोच पुन्हा खाली उतरे, त्यामुळे पाणी घालावे लागत नसे आणि बाहेरची काजळी आत शिरत नसे. ही रोपे सुमारे चार वर्षे जगली, आणि झाकण गंजून पावसाचे पाणी आत गेले तेव्हाच ती नष्ट झाली. निगेची गरज जवळजवळ शून्यावर आणणारी ही बाटली म्हणजे पुढे ‘वॉर्डची पेटी’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या काचपेटीचे पहिले रूप होय.

वॉर्ड यांनी १८३३ मध्ये अशा दोन पेट्या जहाजाने सिडनीला पाठवल्या. अनेक महिन्यांच्या सागरी प्रवासानंतरही आतील वनस्पती ताज्या राहिल्या, आणि परतीच्या वाटेवर ऑस्ट्रेलियातील रोपेही तशीच सुखरूप लंडनला पोहोचली. या पेट्यांचा भारताशी जवळचा संबंध आहे, कारण रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधील चहाची रोपे याच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचवली आणि सिंकोना, म्हणजे ज्याच्या सालीपासून क्विनाइन मिळते ते झाड, दक्षिण अमेरिकेतून निलगिरीत आणतानाही त्यांचा उपयोग झाला. साम्राज्याच्या मळ्यांची उभारणी ज्या साधनाने सुकर झाली, ते साधन एका डॉक्टरच्या घरातील नेचे जगवण्याच्या धडपडीतून जन्मले, ही गोष्ट वनस्पतींच्या इतिहासात पुरेशा ठळकपणे सांगितली जात नाही.

इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरील कर १८५१ मध्ये रद्द झाला. काच स्वस्त झाली, खिडक्या मोठ्या झाल्या, आणि नेच्यांची काचपेटी सुखवस्तू घरांत शोभेची वस्तू बनली. लेखक चार्ल्स किंग्जली यांनी १८५५ मध्ये या वेडाला स्वतंत्र नावच दिले. तथापि काचपेटी महाग होती. ज्या कुटुंबाला ती परवडत नव्हती, त्याला पेटीविना उघड्या हवेत जगणारे झाड हवे होते, आणि नेमक्या याच काळात ती हवा आणखी बिघडत गेली.

याचे कारण गॅसबत्ती हे होते. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून मिळवलेला वायू लंडनच्या रस्त्यांवर १८०७ पासून जळू लागला होता, आणि शतकाच्या उत्तरार्धात तो मध्यमवर्गीय घरांत शिरला. त्याच्या ज्योतीमुळे खोली तापे, गंधकयुक्त धूर पडद्यांवर आणि पानांवर बसे, आणि नळ्यांच्या सांध्यांतून न जळलेला वायूही थोडाथोडा झिरपत राही. या वायूने पाने पिवळी पडून गळतात हे माळ्यांना अनुभवाने कळत होते, परंतु त्यातील कोणता घटक झाडाला बाधतो याचा उलगडा सेंट पीटर्सबर्ग येथील दिमित्री नेल्यूबोव्ह यांनी १९०१ मध्ये केला. प्रयोगशाळेतील अंधारात वाढणारे वाटाण्याचे कोंब सरळ न वाढता आडवे का वाढतात, या प्रश्नाचा माग काढताना त्यांना आढळले की दिव्याच्या वायूतील इथिलीन हे त्याचे कारण आहे. इथिलीन अत्यल्प प्रमाणातही वनस्पतींवर परिणाम करते, फळ पिकवते आणि पानगळ घडवून आणते; आज महाराष्ट्रात केळी आणि आंबे पिकवण्यासाठी जी बंद दालने वापरली जातात, त्यांत हाच वायू नियंत्रित प्रमाणात सोडला जातो. म्हणजे व्हिक्टोरियन दिवाणखान्यातील झाड दररोज संध्याकाळी अकाली वार्धक्य आणणाऱ्या वायूत उभे असे.

या परिस्थितीत जे झाड टिकले ते अ‍ॅस्पिडिस्ट्रा. या प्रजातीचे वर्णन १८२२ मध्ये चीनमधून आलेल्या एका रोपावरून झाले, आणि घरोघरी पसरलेली अ‍ॅस्पिडिस्ट्रा एलॅटिओर ही जाती मूळची दक्षिण जपानच्या बेटांवरील दाट जंगलाच्या तळाशी वाढणारी आहे. जंगलाच्या तळाशी सूर्यप्रकाश जेमतेम पोहोचतो, त्यामुळे मंद उजेडावर भागवणे तिच्या स्वभावातच होते. तिचे खोड जमिनीखाली आडवे वाढते आणि अन्नपाण्याचा साठा राखते; रुंद, चिवट पाने थेट मातीतून वर येतात, वर्षातून मोजकीच येतात आणि अनेक वर्षे टिकतात. जे हळू वाढते त्याची गरजही कमी असते, हा सोप्या झाडांच्या बाबतीत जवळपास सर्वत्र लागू पडणारा नियम आहे. पानांवर बसलेली काजळी ओल्या फडक्याने पुसली, आणि माती सुकल्यावर पाणी घातले, की या झाडाची सेवा संपत असे. तिची जांभळट फुले मातीलगत उमलत असल्याने ती बहुतेक मालकांच्या नजरेसही पडत नसत. इंग्लंडमध्ये तिला ‘ओतीव लोखंडाचे झाड’ असे टोपणनाव पडले, आणि ते तिने पूर्णपणे कमावलेले होते.

पुढे खानावळी, हॉटेले आणि कनिष्ठ मध्यमवर्गीय घरांच्या दर्शनी खिडक्या यांत अ‍ॅस्पिडिस्ट्राची कुंडी इतकी नेमाने दिसू लागली, की ती प्रतिष्ठेची खूण ठरली आणि कालांतराने त्याच कारणाने टीकेचा विषयही झाली. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९३६ च्या कादंबरीच्या शीर्षकातच तिला स्थान देऊन मध्यमवर्गीय चाकोरीचे प्रतीक बनवले, तर गायिका ग्रेसी फील्ड्स यांनी तिच्यावरचे एक विनोदी गाणे घराघरांत पोहोचवले. दुसऱ्या महायुद्धात ससेक्समधील क्रोबरो येथे जर्मनीला लक्ष्य करून प्रक्षेपण करणारे जे प्रचंड शक्तीचे रेडिओ केंद्र १९४२ मध्ये सुरू झाले, त्याला या गाण्यावरून ‘अ‍ॅस्पिडिस्ट्रा’ असे सांकेतिक नाव देण्यात आले.

तोवर घरातील झाडाची परिस्थिती बदलली होती. विजेचे दिवे आले, वायूचा धूर गेला. नंतर खोल्या यंत्राने उबदार होऊ लागल्या आणि त्यांतली हवा कोरडी झाली. त्यामुळे आता कोरडेपणा सोसणारी झाडे पुढे आली: आफ्रिकेतील सापपट्टा म्हणजे स्नेक प्लांट, जो पाण्याची बचत करण्यासाठी पानांवरील सूक्ष्म छिद्रे मुख्यतः रात्री उघडतो, आणि कंदात पाणी साठवणारी झीझी, जिचा व्यापारी प्रसार हॉलंडच्या रोपवाटिकांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात केला. मराठी घरांत बाटलीतल्या पाण्यात वाढणारा मनी प्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातील मोरेआ बेटाचा; तो क्वचितच फुलतो, म्हणून त्याचा प्रसार एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या फांद्यांनीच झाला आहे.

या इतिहासाला अलीकडे एक उलटे वळण मिळाले आहे, आणि त्याची नोंद सावधपणे घ्यावी लागते. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९८९ मध्ये बंद, लहान कक्षांतील प्रयोगांवर आधारित अहवाल प्रसिद्ध केल्यापासून झाडे घरातील हवा शुद्ध करतात असा समज रूढ झाला. म्हणजे ज्या हवेने पूर्वी झाडे मारली, तीच हवा आता झाडांनी सुधारावी अशी अपेक्षा निर्माण झाली. अनेक प्रयोगांचा एकत्रित फेरविचार करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले, की इमारतीतील साध्या वायुवीजनाची बरोबरी करायची तर दर चौरस मीटर जागेत किमान दहा आणि कदाचित हजारपर्यंत झाडे ठेवावी लागतील. तेव्हा नवशिक्याने हवा शुद्ध होईल या आशेने झाड घेऊ नये. खोलीत उजेड किती येतो ते आधी पाहावे आणि त्या उजेडात जगणारे झाड निवडावे.