यल्लम्माचे जोगते
मार्गशीर्ष पौर्णिमेला बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावर बांगड्या फुटतात. जमदग्नींच्या वधाने रेणुका विधवा झाली, म्हणून तिला वाहिलेल्या जोगतिणी आणि लुगडे नेसणारे जोगतेही त्या दिवशी वैधव्य पत्करतात. माघी पौर्णिमेला पुन्हा चुडा भरतात. पुरुषदेहाने जन्मून डोक्यावर देवीचा जग वाहणारे, चौंडक्याच्या तालावर जोगवा मागणारे हे उपासक कोल्हापूरकडील खेड्यांना परके नाहीत. स्त्रीपण उघडपणे जगण्याची मुभा त्यांना देवीच्या नावाने मिळाली. मोबदला मात्र घरदाराचा. एरवी हसणारे गावच मंगळवारी-शुक्रवारी त्यांच्या हातून भंडारा लावून घेई. कर्नाटकाच्या १९८२च्या देवदासी प्रतिबंधक कायद्याने समर्पणाची व्याख्या केली, ती केवळ स्त्रीपुरती. जोगत्याचे समर्पण त्या कक्षेबाहेरच राहिले. राजन गवस यांनी ‘भंडारभोग’मध्ये त्याला नायक केले, ते त्यानंतर.