क्रँक, कप, कॉटर पिन

सायकल चालवणाऱ्याचा सगळा जोर जिथे एकवटतो, ती जागा बाहेरून जवळजवळ दिसतच नाही. फ्रेमच्या जाड नळ्या खाली एका आडव्या, पोकळ नळकांड्याला येऊन मिळतात. त्या नळकांड्यात दोन्ही बाजूंनी एकेक कप बसवलेला असतो, कपांमध्ये ग्रीसमध्ये बुडालेले छर्रे असतात, छर्र्यांवर एक एक्सल फिरतो आणि त्याच्या दोन टोकांना क्रँक जोडलेले असतात. ही बॉटम ब्रॅकेट, दुकानात नुसती बीबी. तिचा इतिहास सांगताना वजन कसे घटत गेले आणि ताठरपणा कसा वाढत गेला, एवढेच सहसा सांगितले जाते. त्या मोजमापाने पाहिले तर आपल्याकडच्या काळ्या सायकलीतली कॉटर पिन कधीच मोडीत निघायला हवी होती. मला हे मोजमाप अपुरे वाटते. जोड किती ताठ आहे याइतकाच तो कोणाला आणि कोणत्या हत्याराने उघडता येतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे. गेल्या दीडशे वर्षांत कोणती रचना टिकली आणि कोणती गळाली, याचा उलगडा या दुसऱ्या प्रश्नाने अधिक नीट होतो.

मुळात सायकलला बीबी नव्हतीच. पिएर लालमाँ यांनी नोव्हेंबर १८६६ मध्ये अमेरिकेत ज्या वाहनाचे पेटंट घेतले, त्याचे क्रँक पुढच्या चाकालाच जोडलेले होते. पायडलाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, म्हणून वेग हवा तर चाक मोठे करण्यावाचून इलाज नव्हता. उंच चाकाच्या धोकादायक सायकली त्यातूनच आल्या. हे बंधन साखळीने तोडले. कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांच्या १८८५ च्या रोव्हर सायकलीत क्रँक दोन चाकांच्या मध्ये आले आणि साखळीने मागचे चाक फिरवू लागले. क्रँकला आता फ्रेममध्ये स्वतःचे घर लागले आणि घराला बेअरिंग. छर्र्यांची युक्ती तोवर माहीत झाली होती. १८६९ च्या पॅरिस ते रूआँ शर्यतीत जिंकलेल्या जेम्स मूर यांच्या सायकलीत ते होते. पण एकसारख्या मापाचे गोल छर्रे ढिगाने तयार होईपर्यंत ती चैनीची वस्तू होती. १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिश फिशर यांनी छर्रे घासून अचूक गोल करणारे यंत्र बनवले आणि चित्र पालटले. पाव इंची छर्रा कुणाच्याही कारखान्यातला असो, तो पाव इंचीच असणार, ही खात्री बीबीच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा पाया ठरली. एका कपात असे साधारण अकरा छर्रे बसतात. झिजले तर अकरा नवे टाकायचे आणि कप पुसून ग्रीस भरायचे. ओव्हरहॉलिंग म्हणतात त्यातला मोठा भाग इतकाच आहे.

छर्र्यांनंतर आटे. बर्मिंगहॅमची बीएसए ही मूळची बंदुका बनवणारी कंपनी, आणि एका बंदुकीचा भाग दुसरीत चपखल बसला पाहिजे ही शिस्त तिने सायकलीत आणली. १८९० च्या दशकात ती पूर्ण सायकलींऐवजी सुटे भाग इतर कारखान्यांना विकू लागली आणि लहान लहान उत्पादक त्या भागांभोवती फ्रेम बांधू लागले. आज जगभर बीएसए नावाने ओळखले जाणारे माप, म्हणजे १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे, त्याच परंपरेतले. यात एक बारकावा आहे. उजव्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात. चेनच्या बाजूने पाहिले तर एक्सल घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि जोराखाली कप हळूहळू विरुद्ध दिशेला सरकू पाहतो. आटे सरळ असते तर तो सुटत गेला असता. इटालियन मापात दोन्ही बाजूंना सरळच आटे असतात आणि त्यांचा उजवा कप ढिला होण्याबद्दल बदनाम आहे. फ्रेंच माप आणखी वेगळे होते. खुद्द इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या रॅली कंपनीने इंचाला २६ आट्यांचे स्वतःचे माप बराच काळ चालवले. एवढ्या मापांतून बीएसए का पुढे गेले? उलटे आटे हे एक कारण, पण ते पुरेसे नाही; फ्रान्सशेजारी स्वित्झर्लंडच्या मापातही उलटे आटे होते आणि ते तरीही नाहीसे झाले. ज्या मापाचे भाग अनेकांनी बनवले आणि अनेक दुकानांत मिळाले, ते माप राहिले. उजवा कप उलट्या दिशेने सुटतो एवढे ज्ञान कारागिराकडे असले की त्याला कारखान्याची परवानगी लागत नव्हती.

कॉटर पिन याच जगात वाढली. क्रँकच्या डोळ्यातून आरपार जाणारी, एका बाजूला उतार घासलेली ही पोलादी पिन एक्सलवरच्या सपाट खाचेवर घट्ट बसते आणि दुसऱ्या टोकाला नट लागतो. नटाचे काम पिन धरून ठेवणे. तिला आत ओढून घ्यायला नट वापरला की आटे जातात. पिन बसते ती ठोकून किंवा दाबून. ठोकताना क्रँकखाली भक्कम आधार हवा, नाही तर प्रत्येक घाव छर्र्यांमार्फत कपात उतरतो आणि तिथे खळगे पडतात. दोन्ही पिनांचे उतार नीट जुळवले नाहीत तर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत. पिन ढिली झाली की दर फेऱ्याला एक टक् असा आवाज येतो. तेव्हाच ती बदलली तर एक्सल वाचतो. ही कौशल्ये बारीक आहेत, पण हातोडी, पाना आणि कानस यांच्या पलीकडचे काही मागत नाहीत. पिन मुद्दाम मऊ पोलादाची असते, म्हणजे झीज स्वस्त भागाला व्हावी आणि महाग एक्सल व क्रँक राहावेत. या रचनेतला शहाणपणा नेमका इथे आहे.

भारतात सायकल दुरुस्तीचा व्यवसाय सायकल बनवण्याच्या कितीतरी आधी रुजला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ च्या सुमारास बेळगावात सायकलींचे दुकान काढले तेव्हा रोव्हर अवघी तीन वर्षांची होती, आणि त्यांचा लोखंडी नांगर अजून पुढे होता. स्वातंत्र्यानंतर कारखाने उभे राहिले: १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियान्यात हिरो. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. सुट्या भागांचे जाळे मात्र लुधियान्याच्या लहान लहान कारखान्यांनी विणले. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात आणि महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यात तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने होती. भाड्याची सायकल दिवसभरात अनेकांच्या हातून जाते, कुणी ओझे लादतो, कुणी डबलसीट दामटतो, आणि संध्याकाळी बिघडलेली सायकल सकाळी पुन्हा रस्त्यावर हवी असते. तिथे दुकानदाराच्या डब्यात दहा कॉटर पिना आणि मूठभर छर्रे असणे हाच हिशेबाचा मुद्दा होता.

यावर पहिला आक्षेप असा की कॉटर पिन टिकली ती गुणामुळे नव्हे, बंद बाजारामुळे. आयात अडवलेली, स्पर्धा मर्यादित, मग कारखान्यांनी जुनाच साचा का बदलावा? यात तथ्य आहे. संरक्षित बाजाराने आळस पोसला हे नाकारता येणार नाही. पण हा आक्षेप सगळे समजावत नाही. नेदरलँड्समध्ये बाजार खुला होता आणि खरेदीदार सधन, तरी रोजच्या वापराच्या सायकलींवर कॉटर पिन दीर्घकाळ राहिली. आपल्याकडेही १९९१ नंतर गिअरच्या सायकलींवर नवे क्रँक आले, पण दूधवाल्याच्या आणि शेतमजुराच्या काळ्या सायकलीने कॉटर पिन सोडली नाही. बाजार खुला झाल्यावरही जे टिकते, त्याला वापरणाऱ्यांच्या गरजेचा काही आधार असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: याहून चांगली रचना होतीच. फ्रान्समधल्या सेंत-एतिएनच्या स्ट्राँगलाइट कंपनीने १९३० च्या दशकात चौकोनी, निमुळत्या टोकाच्या एक्सलवर ॲल्युमिनियमचा क्रँक बोल्टने दाबून बसवला. चार बाजूंवर जोर सारखा पसरतो, पिन नको, ठोकाठोक नको, वजनही कमी. यांत्रिक दृष्टीने ती सरस आहे, हे मी विनाअट मान्य करतो. आज साध्या प्रवासी सायकलीसाठी निवड करायची तर चौकोनी एक्सलच घ्यावा. पण तिच्यासोबत एक नवी अट आली. क्रँक काढायला त्याच्या आट्यांत बसणारा खास पुलर लागतो, आणि २२ मिलिमीटरचे माप सार्वत्रिक होण्याआधी स्ट्राँगलाइटचा एक, टीए कंपनीचा दुसरा असे पुलर वेगवेगळे होते. चौकोनाच्या उतारालाही जपानी आणि आंतरराष्ट्रीय अशी दोन किंचित भिन्न मापे आहेत. चुकीची जोडी लावली की क्रँक नको तितका आत किंवा बाहेर बसतो. बोल्ट ढिला असताना सायकल दामटली तर ॲल्युमिनियमचा चौकोनी डोळा गोल होतो आणि क्रँक फेकावा लागतो. कॉटर पिनमध्ये हाच हलगर्जीपणा एका पिनेवर भागला असता. पुलर प्रत्येक दुकानात पोहोचला तेव्हाच चौकोनी एक्सल खऱ्या अर्थाने सर्वांचा झाला.

तिसरा आक्षेप पावसाळ्याचा. कोकणात किंवा मावळात चार महिने सायकल चालली की उघड्या छर्र्यांची बीबी पाण्याने, चिखलाने खराब होते. मग बेअरिंग आत बंद केलेली कार्ट्रिज चांगली नाही का? चांगली आहे. वर्षानुवर्षे तिला हात लावावा लागत नाही आणि एक्सलची लांबी जुळली की नवीही सहज बसते. मात्र तिची झीज दुरुस्त होत नाही, अख्खी कार्ट्रिज बदलायची असते. ज्याला ती परवडते आणि जवळच्या दुकानात मिळते त्याने जरूर घ्यावी, आणि बसवताना आट्यांना ग्रीस लावायला विसरू नये, नाही तर गंजलेली कार्ट्रिज पुढे फ्रेमचे आटे घेऊनच बाहेर येते. इथे देवाणघेवाण समजून केलेली असते: देखभाल कमी, बदलीचा खर्च जास्त. शिमानो कंपनीने २००३ मध्ये बेअरिंग नळकांड्याच्या बाहेर काढून २४ मिलिमीटरचा पोकळ एक्सल आणला, तेव्हाही आटे बीएसएचेच ठेवले. म्हणून जुन्या फ्रेमला नवे क्रँक लागू शकले.

खरा खंड यानंतर पडला. कॅननडेल कंपनीच्या बीबी३० रचनेने आटेच काढून टाकले. बेअरिंग सरळ फ्रेमच्या ४२ मिलिमीटर भोकात दाबून बसवायचे. ही रचना २००६ मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि पाठोपाठ इतर कंपन्यांची ४६, ४१, ३७ मिलिमीटरची मापे आली. वजन वाचले, पण किरकिरण्याच्या तक्रारी सगळीकडून आल्या. दाबून बसवणे मुळातच वाईट असे मात्र म्हणता येणार नाही. अमेरिकेतल्या मुलांच्या सायकलींमध्ये अखंड पोलादी क्रँक आणि दाबून बसवलेले पोलादी कप जवळजवळ शतकभर बिनतक्रार चालले आहेत, कारण जाड पोलादाला थोडी चूक सोसते. कार्बनच्या फ्रेमला मिलिमीटरच्या शंभराव्या भागातली चूकही सोसत नाही, आणि ती चूक कारखान्यात झाली असेल तर दुकानातला कुशल हातही ती काढू शकत नाही. २०१५ च्या सुमारास अमेरिकेतल्या ख्रिस किंग आणि आर्गोनॉट या कंपन्यांनी टी४७ हे नवे माप मांडले: भोक मोठेच, पण पुन्हा आट्यांचे आणि उजवीकडे उलट्या आट्यांचे. ट्रेकने २०२० च्या डोमेन मॉडेलसाठी ते घेतले, आणि त्याच वर्षी स्पेशलाइज्डने आपल्या टार्मॅक या शर्यतीच्या सायकलीवर थेट बीएसएचेच आटे परत आणले. वजनाच्या ग्रॅमाग्रॅमचा हिशेब करणाऱ्या कंपन्यांनी हे केले, म्हणून ही साक्ष मला मोलाची वाटते. टी४७ चे काम अजून अर्धेच झाले आहे. त्यातही नळकांड्याच्या वेगवेगळ्या रुंदी आणि कपांचे बाहेरचे-आतले असे प्रकार निघाले आहेत, त्यांना वेगवेगळे पाने लागतात; आणि ते पाने अजून गल्लीतल्या दुकानात भिंतीवर टांगलेले दिसत नाहीत.