पहिली एसटी लाल नव्हती



दिवाळीच्या सुट्टीत नातू बेल्ह्याला आला होता. पोरगं दिवसभर लॅपटॉपपुढे. मला वाटलं, मारामारीचा खेळ असेल. जवळ जाऊन पाहिलं तर साहेब गाडी बांधत होते! आधी नुसती चासी घ्यायची, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ठरवायचं, मग तिच्यावर बॉडी चढवायची. ती हवी तशी ताणायची, दाबायची, खिडक्या कापायच्या, दिवे लावायचे, रंग द्यायचा. शर्यतीच्या गाड्या करून कंटाळा आला म्हणून स्वारीने एसटी करायला घेतली होती. "आजोबा, ही १९४८ ची पहिली एसटी, अगदी हुबेहूब," असं म्हणून त्याने लालभडक डबा दाखवला.

मी म्हटलं, "बाळा, पहिली एसटी लाल नव्हतीच."

झालं! तिथून आम्हा आजोबा-नातवाची शाळा भरली ती सुट्टी संपेपर्यंत.

१ जून १९४८ रोजी पहिली एसटी अहमदनगरहून (आताचं अहिल्यानगर) पुण्याला गेली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. गाडी बेडफर्ड कंपनीची, पण बॉडी लाकडी. बसायला काथ्याची बाकं आणि आसनं अवघी तीस. रंग निळा आणि चंदेरी. मी अगदी लहान असताना नगर-कल्याण रस्त्यावर, धुळीच्या लोटातून येणारं निळसर काहीतरी पाहिल्याचं अंधुक आठवतं. लाल रंग आला तो १९६० मध्ये. म्हणजे महाराष्ट्र राज्य आणि लाल एसटी एकाच वयाची!

नातवाने रंग बदलला. दोन मिनिटांचं काम. पण गाडी काही खरी वाटेना. कुठे चुकतंय ते मला सांगता येईना. इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला, पानिपताच्या लढाईची तारीख झोपेत विचारा. पण ज्या गाडीत बसून निम्मं आयुष्य गेलं, ती कशी बांधतात हे मला ठाऊक नव्हतं.

मग एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. याची गोष्ट सांगायलाच हवी. साल १९७८ च्या आसपास. नववीचा वर्ग. मी पाटीलकीच्या आवेशात पानिपत शिकवतोय आणि हा मागच्या बाकावर इतिहासाच्या वहीत एसटी काढतोय. साधीसुधी नाही, खिडक्यांचे गज, मागची शिडी, टपावरचं कॅरियर, सगळं. मी वर्गासमोर ते पान टरकावलं, छडी दिली आणि वर म्हणालो, "गाड्या काढून पोट भरणार आहे का तुझं?" पुढे तो आयटीआय करून एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत लागला. गाड्यांच्या बॉड्या बांधून त्याचं पोट भरलं, दोन्ही मुलं शिकली आणि आता तोही निवृत्त झालाय.

फोनवर त्याने पहिला प्रश्न विचारला, "सर, गाडी कोणत्या सालची करायची आहे? साल कळल्याशिवाय पत्रा कसा ठरणार?"

मग तो अर्धा तास बोलला. आधी लाकूड. ते खिळखिळं होतं, म्हणून मजबुतीसाठी पोलादी बॉडी आली. पोलाद गंजतं. आपल्याकडे एक वेळ चालून जाईल, पण कोकणातल्या खाऱ्या हवेत ते टिकत नाही. म्हणून १९६० मध्ये ॲल्युमिनियम आलं. ॲल्युमिनियमला साधं वेल्डिंग चालत नाही, म्हणून पत्रा रिव्हेट ठोकून बसवायचा. जुन्या लाल गाडीच्या अंगावर टाचणीच्या डोक्यांसारख्या रांगा दिसत, त्या याच. नातवाच्या गाडीत नेमकं हेच नव्हतं! त्याची बॉडी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती.

आणि गंमत पाहा. गेल्या काही वर्षांत एसटी पुन्हा पोलादाकडे वळली. अपघातात ॲल्युमिनियमचा पत्रा कागदासारखा फाटतो, सांगाडा चेपतो, माणसं दगावतात. म्हणून जुन्या चासीवरची ॲल्युमिनियमची बॉडी उतरवून पोलादी बॉडी चढवण्याचं काम दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांनी केलं. गंज टाळायला जे सोडलं, ते जीव वाचवायला परत घेतलं.

आसनांचंही तसंच. तीसाची पंचेचाळीस झाली, मग चोपन्न. बॉडी मागे वाढत गेली. मागच्या चाकाच्या पलीकडे केवढा तरी भाग लोंबतो, म्हणून शेवटच्या बाकावरचा माणूस प्रत्येक खड्ड्याला उडतो. नातवाने चाकं अगदी टोकाला लावली होती. ती पुढे सरकवली आणि काय सांगू, गाडी एकदम ओळखीची दिसायला लागली.

टपावरचं कॅरियर आणि शिडी मात्र मी स्वतः सांगितली. आपल्या बेल्ह्याचा सोमवारचा बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. बैल चालत येत, पण त्यांचे मालक एसटीने. परतीच्या गाडीच्या टपावर पोती, टोपल्या, बांधलेल्या कोंबड्या. नातू विचारतो, "आजोबा, शिडी बाहेर कशाला? डिक्की नव्हती का?" अरे बाबा, डिक्कीत काय काय मावणार होतं?

शेवटी आतला कंडक्टरच्या घंटीचा दोर राहिला. खेळात दोर लावायची सोयच नव्हती. नातवाने एक बारीक नळी ताणून छताखाली बसवली. एक घंटा थांबायला, दोन निघायला, हे त्याला पाठ झालं.

पूर्वी पुणे-नाशिक रस्त्यावर नुसत्या चासी जाताना दिसत. ना छप्पर, ना काच. डोक्याला फडकं गुंडाळून ड्रायव्हर उघड्यावर बसलेला. मला ते दृश्य केविलवाणं वाटायचं. आता वाटतं, तिथून पुढचं सगळं कोणीतरी विचार करून बांधत होतं आणि प्रत्येक भागाला काहीतरी कारण होतं. हल्ली एसटी बांधून तयार गाड्याही विकत घेते. १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर विजेवरची 'शिवाई' धावली, तीही तशीच तयार आलेली. चांगलीच आहे, धूर नाही, आवाज नाही. पण हातांनी बॉडी बांधणाऱ्यांना जे कळलं होतं, ते कुठे लिहून ठेवलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. मी इतिहासाचा शिक्षक, मीही लिहिलं नाही. उलट ज्याने वहीत काढलं, त्याचं पान फाडलं.

तयार गाडीचं चित्र नातवाने त्याला पाठवलं. उलट निरोप आला, "खिडकीचे गज एक कमी आहेत. बाकी पास."

ते फाडलेलं पान त्याला आठवतं का, हे विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. विचारलं नाही. पुढच्या सोमवारी तो बाजाराला येणार आहे, तेव्हा बघू.

असो. तुमच्या आठवणीतली एसटी कोणत्या सालची, कशी होती, जरूर कळवा. नातू आता १९८२ ची एशियाड करायला बसलाय.